नाका गाभ्यात, टीपी-बुक कोणाच्या हातात?

(चंद्रपुरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बाकी ओघ तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण पासवर्डवर बोललो आणि अगदी शेवटी मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं होतं, "फायरवॉल लावली म्हंजे झालं ना जी?" वेळ संपत आली होती, आम्ही मान हलवली आणि सुटलो. ते उत्तर चूक होतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मान हलवण्याची दुरुस्ती आहे, असं समजा.

चूक कुठे होती, ते सांगायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याकडे वनविभागाचा नाका सगळ्यांनी पाहिलेला आहे. आलापल्लीकडून, धानोऱ्याकडून, मुलाच्या रस्त्याने गाडी येते, बांबू आडवा पडलेला असतो, नाकेदार बाहेर येतो आणि विचारतो, टीपी आहे का? टीपी म्हणजे वाहतूक परवाना. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४१ मधून ही सगळी व्यवस्था निघते. आता एक गोष्ट लक्षात घ्या. हा नाका प्रामुख्याने कोणती दिशा बघतो? बाहेर जाणारी. रिकामा ट्रक जंगलाकडे निघाला तर त्याला फारसं कोणी विचारत नाही. भरलेला बाहेर आला की प्रश्न सुरू. कारण जंगलाचं मोल आत आहे, आणि नुकसान होतं ते बाहेर जाण्याने.

संगणकाचं मात्र बरोबर उलटं झालं. तिथे सगळी काळजी आत येणाऱ्याची. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, २००४ साली, फायरवॉल पहिल्यांदा आपोआप चालू अवस्थेत आली. ती फक्त आत येणाऱ्या जोडण्या अडवायची. बाहेर जाणाऱ्याला पूर्ण मोकळीक. व्हिस्टापासून बाहेर जाणारं अडवायची सोय गाभ्यात आली, विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाने. सोय आली, पण मुळात लावून दिलेला नियम तोच राहिला: बाहेर जाणाऱ्याला जाऊ द्या. आजही घरी जाऊन उघडून बघा, तसंच दिसेल. लिनक्सच्या बहुतेक वितरणांतही तेच. म्हणजे ज्या दिशेने माल जातो त्या दिशेला बांबू उचलून ठेवलेला आहे, आणि नाकेदार रिकाम्या ट्रकांची कागदपत्रं तपासतोय.

कोणी म्हणेल, आत येणाऱ्यालाच अडवलं तर बाहेर काय जाणार? २००४ मध्ये हे थोडंफार पटण्यासारखं होतं, कारण तेव्हा ब्लास्टरसारखे किडे खरोखर बाहेरून येऊन दार ठोठावत होते. आता आत शिरणारा दाराने येत नाही. तो पाहुणा म्हणून येतो, ईमेलच्या जोडपत्रात बसून. आणि आत आला की तो स्वतः बाहेर फोन लावतो. फोन आतून लागला की उत्तर आत येतं, आणि फायरवॉल त्या उत्तराला अडवत नाही. ती म्हणते, ही जोडणी आपल्याच माणसाने सुरू केली आहे. परवान्यावर गेलेला ट्रक परत येताना अडवत नाहीत, तसंच.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच भागाशी जोडलेलं एक प्रकरण घेऊ. जपून घेऊ, कारण खटला न्यायालयात आहे आणि त्याच्या निकालावर बोलायला आम्ही इथे आलेलो नाही. आम्हाला त्यातली फक्त एक तांत्रिक बाजू दाखवायची आहे.

भीमा-कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी पाच जणांना अटक झाली. त्यात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग होते, गडचिरोलीतली प्रकरणं लढवणारे म्हणून इथे अनेकांना माहीत असलेले. महेश राऊत होते, ते गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर वनहक्काचं काम करत. दिल्लीचे रोना विल्सन होते. आरोपांचा मोठा भाग संगणकांत सापडलेल्या फाइलींवर उभा आहे. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्या संगणकांच्या प्रती तपासल्या. विल्सन यांच्या संगणकाविषयीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आला, गडलिंग यांचा त्याच वर्षी जुलैमध्ये. अहवालांचं म्हणणं असं, की दोन्ही संगणकांत नेटवायर नावाचा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम घुसवलेला होता. विल्सन यांच्या संगणकात १३ जून २०१६ ला, ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधून. तो तिथे साधारण २२ महिने राहिला. गडलिंग यांच्याकडे २० महिन्यांहून अधिक. आणि पुढे पुरावा म्हणून दाखवलेल्या काही फाइली याच वाटेने संगणकात ठेवल्या गेल्या, असा आर्सेनलचा निष्कर्ष आहे. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. निवाडा न्यायालयच करेल.

आता आपला प्रश्न. नेटवायर म्हणजे काही अद्भुत शस्त्र नव्हतं. वेबसाइटवर पैसे भरून मिळायचं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती वेबसाइट जप्त केली. कुणीही विकत घ्यावं असं साधन. ते काम कसं करतं? आत बसतं, कळपट्टीवर काय दाबलं ते टिपतं आणि ठरलेल्या सर्व्हरला बाहेर जोडणी लावतं. ती जोडणी लागली नाही तर ते मुकं आहे. मालकाला काही सांगू शकत नाही, मालकाकडून काही घेऊ शकत नाही. फाइल बाहेर नेणं असो की आत ठेवणं, दोन्ही गोष्टी आतून सुरू झालेल्या त्या एका जोडणीवर अवलंबून. म्हणजे महिनोन्‌महिने, रोज, बाहेर जाणाऱ्या दिशेने गाडी निघत होती, आणि गाभ्यात कुणीही विचारलं नाही की ही कोणाची?

लोक म्हणतात, अँटिव्हायरस नव्हता का, ईमेल उघडलीच का. हे प्रश्न आम्हाला थोडे अन्यायाचे वाटतात. वकिलाने ओळखीच्या माणसाची ईमेल उघडायची नाही तर काय करायचं? त्याचा धंदाच तो आहे. माणूस चुकणार हे धरूनच ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला हवी. आमची टीका तिथे आहे.

मग गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हे अडवता येतं का? येतं. कुठे येतं ते बघू, कारण जागा चुकली की नाका नुसता शोभेचा होतो.

एखाद्या प्रोग्रामला बाहेर बोलायचं असेल तर तो स्वतः तार पकडत नाही. त्याला कर्नलला विनंती करावी लागते: आधी सॉकेट दे, मग अमुक पत्त्याला कनेक्ट कर. त्या विनंतीच्या क्षणी कर्नलला सगळं माहीत असतं. कोणता प्रोसेस, कोणत्या वापरकर्त्याचा, कुठे जायचंय. लिनक्समध्ये इथे एक तपासणीची जागा ठेवलेली आहे. एसईलिनक्स, अ‍ॅपआर्मर, लँडलॉक हे सगळे तिथे बसतात. विनंती मंजूर झाली की पुढे डेटाचे तुकडे होतात, पॅकेट्स, आणि ती दुसऱ्या नाक्यावरून जातात. त्याचं नाव नेटफिल्टर. २००१ मध्ये कर्नल २.४ बरोबर आला. आपण ज्याला आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्स म्हणतो, ते याच नाक्याचे नियम लिहायचं साधन.

दोन नाक्यांतला फरक लाकडाच्या भाषेत सांगतो. झाड तोडताना खुंटावर आणि ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का मारतात. का? पुढे बल्लारशाच्या डेपोत ओंडका पोचल्यावर तो कोणत्या खुंटाचा हे कळावं म्हणून. शिक्का नसेल तर डेपोत पडलेला सागवान सागवानासारखाच दिसतो. पॅकेटचं तसंच आहे. नेटफिल्टरपाशी आलेल्या पॅकेटवर पत्ता असतो, पोर्ट असतो. ते कोणत्या प्रोग्रामने लिहिलं हे त्यावर लिहिलेलं नसतं. सॉकेटमागचा वापरकर्ता कळतो, तेवढंच. एकेकाळी आयपीटेबल्समध्ये प्रोग्रामच्या नावावरून नियम करायची सोय होती. एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर ती नीट चालेना, म्हणून २००५ मध्ये काढून टाकली. आम्हाला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं केलं. चुकीचं उत्तर देणारा नाकेदार असण्यापेक्षा "मला माहीत नाही" म्हणणारा बरा.

शिक्का मुळात मारायचा असेल तर तो खुंटापाशी, म्हणजे कनेक्टच्या क्षणी मारावा लागतो. आजच्या लिनक्समध्ये प्रोसेसना सीग्रूप नावाच्या गटात टाकता येतं, सॉकेटवर त्या गटाची खूण राहते, आणि पुढे एनएफटेबल्सला ती खूण वाचता येते. हीच आपली हातोड्याची खूण. इतकी चांगली गोष्ट, पण सामान्य माणसाच्या यंत्रात कुणी वापरून दिलेली नाही. सर्व्हर चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या ती सर्रास वापरतात.

अजून एक जागा आहे आणि ती फसवी आहे. काही साधनं सिस्टिम-कॉलच्या दारातच उभी राहतात: प्रोग्रामने "कनेक्ट" म्हटलं की पत्ता वाचायचा आणि ठरवायचं. ऐकायला सोपं आहे. पण तो पत्ता असतो प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत. नाकेदाराने कागद वाचला, ठीक म्हणाला, आणि कर्नलने प्रत्यक्ष वाचायच्या आत त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने कागद बदलला तर? रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. म्हणून सेककॉम्प नावाचं लिनक्सचं साधन पत्ता वाचायचा प्रयत्नच करत नाही. कनेक्ट करू द्यायचं की नाही एवढंच बघतं. त्यात भर म्हणून आलं आयओ-यूरिंग. त्यात विनंत्या एका रांगेत टाकून ठेवायच्या, कर्नल त्या उचलतो. कनेक्टची वेगळी हाक मारावी लागतच नाही. दारात उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला काही ऐकूच येत नाही. आतल्या तपासणीच्या जागेला मात्र ऐकू येतं. म्हणून आम्ही म्हणतो: नाका गाभ्यात, आणि गाभ्यातही योग्य जागी.

आता बाजारात असलेल्या साधनांकडे. सगळ्यांवर बोलत नाही, तिघांवर बोलतो.

पहिलं, विचारणारी फायरवॉल. मॅकवर लिटल स्निच, लिनक्सवर ओपनस्निच. कोणताही प्रोग्राम बाहेर निघाला की पडद्यावर चौकट येते: अमुक प्रोग्राम अमुक ठिकाणी जायचं म्हणतो, जाऊ देऊ? कल्पना सुंदर आहे. आम्हीच काही वर्षांपूर्वी तिच्या प्रेमात होतो. कोरची भागातल्या एका ग्रामसभेच्या संगणकावर तशाच प्रकारचं एक साधन बसवूनही दिलं. तिथली तक्रार वेगळीच होती: डोंगल टाकला की तासाभरात पॅक संपतो. हिशेब ठेवणारा मुलगा म्हणाला, "आमी काही पाहातच नाही, तरी डाटा काहून संपते जी?" विंडोज होती, मागे अपडेट उतरत होते, आणखी चार गोष्टी स्वतःहून बाहेर बोलत होत्या. आम्ही म्हटलं, आता चौकट येईल, तुम्ही ठरवा.

महिन्याभराने गेलो. त्याने सगळ्यांना होय म्हटलेलं होतं. अगदी प्रत्येकाला. कारण चौकट इंग्रजीत यायची आणि त्यात लिहिलेलं असायचं एसव्हीसीहोस्ट. हे नाव वाचून आम्हाला तरी काय कळतं? त्या एका नावाखाली विंडोजच्या कितीतरी सेवा चालतात, आणि कमी मेमरीच्या जुन्या यंत्रात तर त्या एकाच प्रोसेसमध्ये कोंबलेल्या असतात. एकदा नाही म्हटल्यावर छपाईचं काहीतरी अडलं होतं, त्यानंतर त्याने धडा घेतला: होय म्हणायचं. दोष त्याचा नव्हता. नाकेदाराला बसवलं आणि त्याला न कळणाऱ्या भाषेतल्या टीपी दिवसाला पन्नास दाखवल्या, तर तो बांबू उचलूनच ठेवणार. दोष आमचा होता, आणि त्या साधनाच्या मूळ कल्पनेचा. निर्णय चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला, एकट्याला विचारला जातो.

दुसरं, अ‍ॅपलने केलेला प्रकार. अ‍ॅपलने कर्नलमध्ये बाहेरच्यांचा कोड नको म्हणून फायरवॉलवाल्यांना बाहेर काढलं आणि स्वतःची ठरावीक सोय दिली, की यातून काय ती तपासणी करा. सुरक्षेच्या दृष्टीने कारण खोटं नव्हतं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकओएस बिग सर आली तेव्हा असं उघड झालं की अ‍ॅपलचे स्वतःचे पन्नासहून अधिक प्रोग्राम त्या तपासणीतून वगळलेले आहेत. लिटल स्निचला ते दिसतच नव्हते. पॅट्रिक वॉर्डल या संशोधकाने लगेच दाखवून दिलं की त्या सवलतीच्या आडून दुसराही माल बाहेर काढता येतो. ओरड झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये ११.२ च्या चाचणी आवृत्तीत ती यादी काढण्यात आली. काढली हे खरं. पण यादी करायचा अधिकार कोणाकडे होता, हे त्या दोन महिन्यांत सगळ्या जगाला दिसलं.

तिसरं, लँडलॉक. हे आम्हाला मनापासून आवडतं. यात प्रोग्राम स्वतःच स्वतःला बांधून घेतो: मी या फोल्डरबाहेर जाणार नाही, या पोर्टाखेरीज जोडणी करणार नाही. एकदा बांधलं की सोडता येत नाही, त्याच्या पोटी जन्मलेल्या प्रोसेसनाही नाही. कर्नल ५.१३ मध्ये, २०२१ साली, फाइलींसाठी आलं, जाळ्यासाठी ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ मध्ये. पण जाळ्याच्या बाबतीत आलं काय, तर टीसीपीचा पोर्ट क्रमांक. पत्ता नाही. आता आजच्या जाळ्यात जवळजवळ सगळी वाहतूक ४४३ क्रमांकाच्या पोर्टाने होते. "४४३ ने जाऊ द्या" म्हणजे "डांबरी रस्त्याने जाऊ द्या". कुठे जायचंय ते विचारलंच नाही. घाईने पुरं करून बिघडवण्यापेक्षा हळूहळू वाढवणं चांगलं, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याला आज लपलेला दूरनियंत्रक अडवायचा आहे, त्याने फक्त याच्यावर विसंबू नये. शिवाय घुसखोर स्वतःला बांधून घेणार नाही, हे सांगायला नकोच.

हे सगळं ऐकून वाटेल की प्रश्न तंत्राचा आहे; अजून थोडा चांगला नाका बांधला की झालं. आम्हाला तसं वाटत नाही. कारण आपल्या भागाने हा प्रश्न वेगळ्या मालावर एकदा लढवलेला आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. म्हणजे बांबू गावाचा. तोडा, विका. पण विकायला नेणार कसा? टीपी वनविभागाच्या हातात, आणि विभाग देईना. हक्क आहे, माल आहे, गिऱ्हाईक आहे, आणि नाक्यावर गाडी अडते. त्यापूर्वी कित्येक वर्षं याच जिल्ह्यातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बिनदिक्कत जात होता. तेव्हा नाका आडवा आला नव्हता. गावाने भांडण सोडलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलले: गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती देईल.

लक्षात घ्या, मेंढ्याने नाका उखडा असं म्हटलं नाही. बाहेर काय जातं याची नोंद हवीच, नाहीतर जंगल राहणार नाही, हे त्या गावाला वनविभागाइतकंच कळतं. भांडण पुस्तकाचं होतं. आणि दुसरी गोष्ट, पुस्तक कुण्या एका माणसाच्या खिशात गेलं नाही. ते अशा ग्रामसभेकडे गेलं जिथे आधी अभ्यास गटात बसून चर्चा होते आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. एकट्या पोराला चौकट दाखवून "होय की नाही" विचारण्याची ही पद्धत नाही.

आम्ही कोरचीच्या संगणकाकडे परत गेलो तेव्हा हे डोक्यात होतं. विचारणारी फायरवॉल काढली. लिनक्स बसवलं. सभेत तासभर बसून एकच प्रश्न विचारला: या यंत्रातून बाहेर काय गेलं पाहिजे? उत्तर फार छोटं निघालं. ईमेल, सरकारी दोन-तीन संकेतस्थळं, बँक, आणि महिन्यातून एकदा अपडेट, तेही तालुक्याला वायफायवर नेऊन. तेंदूचे हिशेब, वनहक्काच्या दाव्यांचे कागद, कोणाच्या नावे किती मजुरी, यातलं काहीच आपणहून बाहेर जायची गरज नाही. मग यंत्रात दोन वापरकर्ते केले. एकाचं नाव "बाहेर", दुसऱ्याचं "हिशेब". एनएफटेबल्समध्ये बाहेर जाणाऱ्या साखळीचा मूळ नियम "टाका" असा केला आणि फक्त "बाहेर"ला जाऊ दिलं. "हिशेब"ला जाळंच नाही. फाइल पाठवायची असेल तर ती एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. तिथून "बाहेर" उचलतो. वहीत नोंद. साधी, रेघा मारलेली वही.

चौकट एकही येत नाही. पॅक तासाभरात संपत नाही, हा त्यांच्या दृष्टीने मुख्य फायदा, आणि आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

इथेही आम्ही एकदा फसलो. आम्ही समजत होतो की "हिशेब" पूर्ण बंद आहे. एका मित्राने तपासलं तर "हिशेब"मधून संकेतस्थळांच्या नावांची चौकशी बाहेर जात होती. कशी? नावावरून पत्ता शोधायचं काम सगळ्यांच्या वतीने दुसरीच एक सेवा करते. "हिशेब" तिला यंत्रातल्या यंत्रात हाक मारतो, त्यात पॅकेट बनतच नाही, म्हणून पॅकेट बघणाऱ्या नाक्याला काही दिसत नाही. मग ती सेवा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या परवान्यावर बाहेर जाते. दुसऱ्याच्या टीपीवर माल नेणं यालाच म्हणतात. आणि नावाच्या चौकशीत गुपित लपवून तुकड्या-तुकड्याने बाहेर नेणं ही जुनी युक्ती आहे. "हिशेब"चा त्या सेवेशी संबंध तोडायला आम्हाला अर्धा दिवस लागला. नेटफिल्टरच्या नियमांची यादी बघून कुणी सुरक्षित असल्याचं सांगत असेल तर त्याला एवढं विचारा: या यंत्रात दुसऱ्याच्या नावाने बाहेर जाणारे कोण कोण आहेत?

अजून एक मर्यादा, तीही लपवत नाही. हा नाका कर्नलमध्ये आहे. घुसखोराने कर्नलवरच ताबा मिळवला, रूट झाला, तर नाकेदारच त्याचा. मग यंत्राबाहेर, राउटरवर दुसरा नाका लागतो. त्याला कोणता प्रोग्राम ते कळणार नाही, पण कुठे आणि किती गेलं ते कळेल, आणि ते यंत्रातला घुसखोर पुसू शकणार नाही. वीस-बावीस महिने चालणारी गोष्ट अशा कोरड्या नोंदीत दिसण्याची शक्यता बरीच असते. रोज रात्री एकाच अनोळखी नावाकडे जाणारी गाडी वाचणाऱ्याला खटकते. अट एवढीच, की कुणीतरी वही वाचायला हवी.

थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: तुमी संगणकाचं सांगता, पन आमच्याकडे सारे मोबाइलच वापरतात. त्याचं काय?

रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर आम्हाला आवडणारं नाही. अँड्रॉइडच्या आतही लिनक्सचाच कर्नल आहे. प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ता क्रमांक असतो, म्हणजे आपण "हिशेब" आणि "बाहेर" हातांनी केले ते तिथे प्रत्येक अ‍ॅपसाठी आधीच केलेलं आहे. आणि इंटरनेटची परवानगी नसलेल्या अ‍ॅपला गाभा खरोखर अडवतो. नाका तयार आहे, शिक्का आहे, सगळं आहे. पण कॅमेरा, माइक, फोनबुक यांसाठी फोन तुम्हाला विचारतो, आणि इंटरनेटसाठी विचारत नाही. अ‍ॅपने मागितली की बसवताना गुपचूप मिळते, आणि सर्वसाधारण फोनमध्ये ती नंतर काढून घ्यायचं बटणही नसतं. ग्राफीनओएससारख्या काही मोजक्या वेगळ्या आवृत्त्यांनी ते बटण दिलंय. म्हणजे अवघड नाही, द्यायचं नाही एवढंच. तोवर नेटगार्डसारखं अ‍ॅप वापरता येतं. ते व्हीपीएनचं सोंग घेऊन मधे बसतं आणि नको त्या अ‍ॅपला अडवतं. फोनमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे खरा व्हीपीएन लागत असेल तर हे सोंग उतरवावं लागतं. आमच्याकडे आज दोन फोनवर ते बसवून आणलेलं आहे. व्याख्यान संपल्यावर टेबलापाशी या, हातात घेऊन बघा. आणि तुमचा फोन आणला असेल तर कोणकोणती अ‍ॅप्स रात्रभरात बाहेर गेली, ती यादी आपण बसून वाचू.